ठाणे खाडीतले फ्लेमिंगो दोघांनी एका दिवसात पाहायचे असतील तर: भरतीच्या हिशेबापासून परतीपर्यंत

जानेवारी उजाडला की ठाणे-नवी मुंबईतल्या जोडप्यांचे फ्लेमिंगो बघायला जायचे बेत सुरू होतात. परतल्यावरच्या तक्रारीही ठरलेल्याच असतात. कुणाला बोट मिळत नाही, कुणाला पक्षी दूरवर गुलाबी रेघेसारखे दिसतात. कुणी दुपारी चार वाजता नेरूळच्या तलावावर जातं आणि रिकामा तलाव बघून परत येतं.

या सगळ्यांचं मूळ एकच आहे. आपण आधी रविवार ठरवतो आणि मग पक्षी शोधायला निघतो. खाडीतला पक्षी मात्र पाण्याच्या वेळेवर जगतो. त्यामुळे आधी पाणी बघायचं, त्यावरून तारीख, तारखेवरून बुकिंग आणि शेवटी घरातून निघायची वेळ काढायची. हा क्रम पाळला तर निम्मं काम घरीच होतं.

बेत असा आहे: ऐरोलीच्या सागरी व किनारी जैवविविधता केंद्रातून बोटीने ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात एक फेरी, आणि पाणी जुळत असेल तर त्यानंतर नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागा. स्वतःची गाडी नसली तरी हे सगळं एका दिवसात आरामात होतं.

## १. आधी पाण्याचा हिशेब

हा टप्पा वगळू नका. पुढचे सगळे टप्पे यावर उभे आहेत.

फ्लेमिंगो खातात ते खाडीच्या चिखलात. ओहोटीला चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि थवे त्यावर पसरतात. पण तेव्हा बोटीला पुरेसं पाणी नसतं, आणि काठावरून बघावं तर पक्षी फार दूर असतात. पूर्ण भरतीला बोट मजेत तरंगते, पण चिखल पाण्याखाली गेल्यामुळे थवे विश्रांतीला पाणथळ जागांकडे निघून जातात. आपल्याला हवी असते ती मधली वेळ, म्हणजे पूर्ण भरतीच्या साधारण एक ते दोन तास आधी किंवा नंतर. तेव्हा बोटीपुरतं पाणी असतं, कडेचा चिखल अजून उघडा असतो आणि पक्षी त्या अरुंद पट्ट्यावर दाटीने उभे असतात.

भरती कधी आहे हे भिंतीवरच्या कालनिर्णयातूनही काढता येतं. कोकण किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे: तिथीचा आकडा घ्या आणि त्याचे पाऊणपट करा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही १५ धरायच्या.

- चतुर्थी: ४ चे पाऊणपट ३. संकष्टीला दुपारी तीनच्या सुमारास भरती.
- अष्टमी: सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास.
- एकादशी: सव्वाआठ.
- द्वादशी: नऊ.
- पौर्णिमा किंवा अमावास्या: सव्वाअकरा ते बारा.

एका भरतीनंतर पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी येते आणि मधोमध ओहोटी असते. म्हणून एकादशीला सकाळी सव्वाआठला भरती असेल तर दुपारी अडीचच्या सुमारास चिखल पूर्ण उघडा असेल. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते.

हा अंदाज आहे. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो आणि अष्टमीच्या आसपास जरा जास्तच घसरतो. शिवाय मोबाइलवर किंवा भरतीच्या तक्त्यात मुंबईची म्हणून जी वेळ दिसते ती अपोलो बंदराची असते. पाणी खाडीत आत शिरून ऐरोलीला पोचायला आणखी वेळ लागतो. तारीख निवडायला पाऊणपटाचा हिशेब पुरतो. नेमकी वेळ तक्त्यावरून आणि केंद्राकडून पक्की करा.

आता भरतीच्या जोराबद्दल. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि चिखल भराभर बुडतो. अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते. पाणी फारसं चढत नाही, फारसं उतरतही नाही. बोटीच्या फेरीला मला या दोन्हींच्या मधले दिवस आवडतात. सकाळी जायचं असेल तर एकादशी ते त्रयोदशी, दुपारी चालत असेल तर तृतीया ते पंचमी. नुसतं नेरूळला जायचं असेल तर उलट उधाणाचे दिवस घ्या. ते का, हे आठव्या टप्प्यात येईल.

तपासा: निवडलेल्या तारखेच्या पुढे कागदावर दोन वेळा लिहा, भरती आणि ओहोटी. त्या लिहिता येत नसतील तर अजून बुकिंग करू नका.

## २. महिना आणि वार

फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबरपासून येऊ लागतात आणि मेअखेरपर्यंत दिसतात. गुजरातेतलं कच्छचं रण हे त्यांचं विणीचं मोठं ठिकाण. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गेलात तर संख्या कमी असू शकते. जानेवारी ते मार्च हा सगळ्यात भरवशाचा काळ आहे, कारण थवेही भरलेले असतात आणि सकाळी ऊन सोसवतं. एप्रिल-मेमध्येही पक्षी भरपूर दिसतात, पण उघड्या बोटीत अकरानंतरचं ऊन बाधतं. त्या दिवसांत सकाळची फेरी मिळाली तरच जा. पावसाळ्यात हा बेत करायचाच नाही.

वार शक्यतो मंगळवार ते शुक्रवार ठेवा. सोमवारी केंद्राची साप्ताहिक सुट्टी असते. शनिवार-रविवारी बोटी आधीच भरतात. त्यातून अनुकूल तिथी रविवारी आली की सगळेच त्या दिवसावर टपलेले असतात. दोघांपैकी एकाने रजा आणि दुसऱ्याने कॉम्प ऑफ जुळवला तर मधल्या वाराची द्वादशी ही सोन्यासारखी संधी आहे. लग्नाचा वाढदिवस किंवा १४ फेब्रुवारी हीच तारीख धरून बसू नका. चार दिवस पुढेमागे झालं तरी चालेल, पण पाणी चुकलं तर त्या दिवसाचं काहीच हाती लागणार नाही.

## ३. बुकिंग, आणि तेव्हा विचारायचे प्रश्न

बोटीच्या फेऱ्यांचं वेळापत्रक भरतीनुसार रोज बदलतं. म्हणून "दहाची बोट आहे का?" असं विचारून उपयोग नाही. तारीख सांगा आणि त्या दिवशीच्या फेऱ्या विचारा. मग हे प्रश्न विचारा:

- त्या दिवशी ऐरोलीला पूर्ण भरती किती वाजता आहे?
- मिळणारी फेरी पाणी चढतानाची आहे की उतरतानाची?
- बोट मोठी आहे की लहान? दर माणशी आहे की अख्ख्या बोटीचा? (लहान बोट पूर्ण घ्यावी लागत असेल तर आणखी एक जोडपं सोबत घेतल्यास खर्च निम्मा होतो.)
- फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतात की दुसरी तारीख?
- किती आधी हजर राहायचं, आणि ओळखपत्र कोणतं लागेल?

यातला दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि तोच कुणी विचारत नाही. पाणी चढतानाची फेरी मिळाली तर बोटीनंतर नेरूळला जाता येतं, कारण तोवर थवे तिकडे विश्रांतीला पोचलेले असतात. उतरतानाची मिळाली तर बोटीतला अनुभव तितकाच चांगला असतो, पण तुम्ही नेरूळला पोचेपर्यंत पक्षी परत खाडीत उतरलेले असतात. अशा दिवशी नेरूळ बेतातून काढा आणि तो वेळ केंद्रात घालवा.

दोन्ही फेऱ्यांमध्ये जागा असेल तर चढत्या पाण्याची घ्या.

सावधान: पैसे भरल्यावर आलेला संदेश दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. एकाची बॅटरी संपली म्हणून जेटीवर अडून राहायची वेळ येऊ नये.

## ४. आदल्या रात्री

आधी एक गोष्ट दोघांनी बोलून घ्या. बऱ्याचदा एकालाच पक्ष्यांची ओढ असते आणि दुसरा सोबत म्हणून येतो. तसं असेल तर ते मोकळेपणाने सांगा आणि दिवस त्याप्रमाणे कापा. बोट तासाभराची असते आणि ती सगळ्यांना आवडते. पण त्यानंतर उन्हात तलावाच्या काठी दोन तास उभं राहणं ज्याला आवड नाही त्याला शिक्षा वाटते. नेरूळला पाऊण तास, मग जेवण, हे आधी ठरलेलं असलं की तिथे धुसफूस होत नाही.

दुर्बीण. सगळ्यात जास्त फरक हिने पडतो. दोघांत एक चालेल, दोन असतील तर उत्तम. ८×४० किंवा ८×४२ ची घ्या. आकडा मोठा म्हणून १०×५० घेऊ नका. हलत्या बोटीत जास्त मोठं दिसणारं चित्र जास्त थरथरतं, आणि ती जडही असते. विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्यांकडून एका दिवसासाठी मागून आणा. पण आदल्या दिवशी गच्चीत किंवा खिडकीत उभं राहून ती डोळ्यांना जुळवून घ्या. दोन नळ्यांमधलं अंतर आपल्या डोळ्यांइतकं करा. मग मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करा आणि उजव्या नळीवरच्या कड्याने उजव्याचं. चष्मा असेल तर नळ्यांवरचे रबर खाली करा. ही जुळवाजुळव बोटीत करायला गेलात तर पहिली दहा मिनिटं त्यातच जातात, आणि दोघांत एकच दुर्बीण असेल तर हातातून हातात जाताना ती प्रत्येक वेळी पुन्हा जुळवावी लागते.

कॅमेरा. मोबाइलवर थवा येईल, एकटा पक्षी येणार नाही. ३०० मिमी किंवा त्याहून मोठी लेन्स असेल तर आणा, नाहीतर मोबाइल बोटीतल्या दोघांच्या फोटोपुरता ठेवा.

कपडे. खाकी, राखाडी, मातकट हिरवा, फिकट निळा. लालभडक, पांढराशुभ्र आणि चमकणारं काही नको. दोघांनी ठरवून गुलाबी घालून फोटो काढायची आता पद्धत झाली आहे. उघड्या खाडीत असे रंग दुरून उठून दिसतात. ओढणी किंवा पदर लाइफ जॅकेटच्या पट्ट्यात अडकतो, म्हणून सलवार-कुडता असेल तर ओढणी पिशवीत ठेवा. टोपी गळ्याशी दोरी असलेली हवी, कारण वाऱ्याने उडालेली टोपी खाडीत जाते आणि तिथेच राहते. पायात मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट.

पिशवीत: दोन मोठ्या बाटल्या पाणी, ओळखपत्रं, डासांचं मलम, चष्म्याचं फडकं, सुकं खाणं आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. एकादशी असेल आणि उपास असेल तर खिचडीचा डबा घरूनच घ्या.

## ५. पोचणं

ठाण्याहून येणाऱ्यांनी ट्रान्सहार्बरची गाडी धरावी. ठाणे स्थानकात ती ९ आणि १० नंबरच्या फलाटांवरून सुटते. ऐरोलीसाठी वाशी, नेरूळ, पनवेल यांपैकी कोणतीही चालेल. तिथून रिक्षा करा. केंद्राचं पूर्ण नाव सांगून रिक्षावाल्याला काही कळणार नाही, "फ्लेमिंगो सेंटर" म्हणा. मुलुंडहून येणाऱ्यांना ऐरोली पूल ओलांडला की केंद्र जवळच आहे.

रविवारीच जाणं भाग असेल तर शनिवारी संध्याकाळी मेगाब्लॉक बघून घ्या. हार्बर आणि ट्रान्सहार्बरचा ब्लॉक नेमका दुपारी असतो, आणि ऐरोलीहून नेरूळला जायची तुमची वेळही तीच.

फेरीच्या वेळेआधी किमान एक तास पोचायचं या हिशेबाने निघा. पाणी कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे बोटही थांबत नाही. सिनेमाला दहा मिनिटं उशीर झाला तर जाहिराती चुकतात, इथे अख्खी फेरी चुकते.

## ६. केंद्रात: बोटीच्या आधीचा तास

बरेच लोक बोट करून आल्यावर दमलेल्या पायांनी दालनं बघतात आणि पाच मिनिटांत बाहेर पडतात. उलट करा. आधी दालनं बघितली तर बोटीत काय दिसतंय ते कळतं.

इथे दोन गोष्टी नीट डोक्यात घ्या. पहिली म्हणजे फ्लेमिंगोंच्या दोन जाती. लहान फ्लेमिंगो ठेंगणा, जास्त गडद गुलाबी, आणि चोच गडद किरमिजी, दुरून जवळजवळ काळी वाटणारी. ठाणे खाडीत संख्येने हाच जास्त असतो. याचं खाणं म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ. मोठा फ्लेमिंगो उंच, अंगाने पांढुरका, चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. तो चिखलातले बारीक कवचधारी प्राणी, किडे, गोगलगायी असं बरंच काही खातो. ओळखताना रंगावर जाऊ नका, चोच बघा. रंग उन्हाप्रमाणे बदलतो. थव्यात करडे-मळकट पक्षी दिसले तर ते आजारी किंवा वेगळ्या जातीचे नसतात, ती पिल्लं असतात. गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि तो चढायला काही वर्षं लागतात.

दुसरी गोष्ट खारफुटी. चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी टोकं ही तिवराची श्वसनमुळं. चिखलात हवा नसते म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. त्यांच्यामध्ये नीट बघितलंत तर निवट्या उड्या मारताना दिसतील. हा मासा असूनही चिखलावर चालतो. एकच मोठा पंजा हलवणारे छोटे खेकडेही असतात. पक्ष्यांची ओढ नसलेल्या जोडीदाराला हा भाग जास्त आवडतो, असं मी नेहमी बघते.

निघण्यापूर्वी दोघांनीही स्वच्छतागृहात जाऊन या. बोटीत सोय नसते, आणि नेरूळच्या तलावांवरही नसते.

तपासा: लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे लागलेत? चष्म्याला दोरी? फोन झिप असलेल्या खिशात? कॅमेऱ्याचा आवाज बंद?

## ७. बोटीत

बसायची बाजू आधी ठरवा. ऐरोली पूल आणि वाशी पूल यांच्यामधला खाडीचा पट्टा हे अभयारण्य, आणि बोट ऐरोलीहून दक्षिणेकडे जाते. सकाळी ऊन पूर्वेकडून, म्हणजे जाताना डाव्या हाताने येतं. तेव्हा उजवीकडे बघणाऱ्याला, म्हणजे भांडुप-कांजूर-विक्रोळीच्या बाजूचे, पक्षी पूर्ण उजळलेले दिसतात. डावीकडचे उन्हासमोर असल्याने काळपट दिसतात. दुपारनंतर बरोबर उलट, तेव्हा जाताना डावी बाजू धरा. येताना बोट वळली की बाजूही बदलते. पण फेरीच्या मध्ये उठून जागा बदलायची नाही, बोटीचा तोल जातो. म्हणून जाताना चांगली बाजू मिळाली नाही तरी हट्ट धरू नका, परतीला ती तुमचीच होणार आहे.

पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत फ्लेमिंगो दिसले नाहीत तर अस्वस्थ होऊ नका. बगळे, खंड्या, कुरव (सीगल), पाणटिवळे सुरुवातीलाच दिसतात. काठावर वाकडी काळी चोच चिखलात खुपसणारा कुदळ्या दिसेल. चित्रबलाकही दिसतो, आणि त्याच्या शेपटीजवळची गुलाबी पिसं बघून "फ्लेमिंगो!" म्हणून ओरडणारा एक जण बोटीत असतोच. चित्रबलाकाची चोच लांब, पिवळी आणि फक्त टोकाशी किंचित खाली वळलेली असते. फ्लेमिंगोची मधेच खाली मोडलेली असते.

थवा दिसला की आधी दुर्बीण, मग कॅमेरा. आपण नेमकं उलट करतो. बोट जवळ जाईपर्यंत दोन-तीन मिनिटं असतात, ती एकमेकांना दाखवण्यात घालवा. डोकं उलटं करून चोच पाण्यात फिरवणं, एका पायावर झोपणं, सगळ्यांनी एकत्र पाय आपटत चिखल ढवळणं, हे फोटोत येत नाही.

आता ज्या चुकीचं मला सगळ्यात वाईट वाटतं ती: नावाड्याला "अजून जवळ घ्या" म्हणणं. पैसे भरलेत म्हणून आग्रह होतो, नावाड्यालाही नाही म्हणणं जड जातं, आणि थवा उडतो. उडालेला थवा सुंदर दिसतो, पण त्या पक्ष्यांचा खाण्याचा वेळ ठरलेला असतो. चिखल उघडा असेपर्यंतच पोट भरायचं असतं. प्रत्येक वेळी उडवलं तर खाणं बुडतं आणि ताकद उगाच जाते. थवा उडण्याआधी इशारे देतो, ते ओळखा:

1. खाली असलेल्या माना एकदम वर होतात.
2. पक्षी सगळे एकाच दिशेने, तुमच्यापासून दूर चालू लागतात.
3. त्यांचा गलका वाढतो.

पहिला इशारा दिसला तरी नावाड्याला हळूच सांगा, "दादा, इथेच थांबू या." एका जोडप्याने म्हटलं की बोटीतले बाकीचेही थांबतात.

सावधान: कुरवांना शेव-गाठ्या टाकू नका, दुसरं कुणी टाकत असेल तर थांबवा. तळलेलं-खारट खाणं त्यांच्यासाठी अपायकारक आहे. हात पाण्यात घालू नका. ड्रोन घरी ठेवा. हे अभयारण्य आहे, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ इथे लागू आहे. तिवराची फांदी तोडणंही गुन्हा आहे.

खाडीला वास येतो, ओहोटीला जास्त. आधी माहीत असलं की त्रास कमी होतो.

## ८. नेरूळ-सीवूड्स: जायचं की नाही

बोटीतून उतरलात की तिसऱ्या टप्प्यातलं उत्तर आठवा. पाणी चढतानाची फेरी होती? मग लगेच निघा. जेवायला थांबू नका, सुकं खाणं गाडीत खा. भरतीच्या आजूबाजूचे साधारण दोन तास पक्षी तलावांवर असतात, पाणी उतरलं की ते निघतात.

ऐरोलीहून नेरूळ किंवा पनवेलची गाडी पकडा. वाशीची पकडू नका. चुकून बसलात तर तुर्भ्याला उतरून बदला, तिथून पुढे मार्ग फुटतात. नेरूळची गाडी नेरूळलाच संपते, तिथून पुढे पनवेलच्या दिशेची गाडी धरा. सीवूड्स-दारावे स्थानकात उतरून रिक्षा करा. तीन जागा एकमेकींच्या जवळ आहेत: नेरूळचा डीपीएस (दिल्ली पब्लिक स्कूल) शाळेजवळचा तलाव, टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ आणि एनआरआय कॉम्प्लेक्सजवळची पाणथळ. तिघींच्या मागे धावू नका. रिक्षातून उतरल्यावर पहिल्या जागी पाणी आणि पक्षी आहेत का बघा. असतील तर तिथेच थांबा, नसतील तर पुढची.

"पाणी आहे का बघा" हे मुद्दाम लिहिलं आहे. डीपीएस तलावात खाडीचं पाणी आत यायच्या वाटा अडल्या की तो आटतो किंवा शेवाळाने भरतो, आणि मग पक्षी उतरत नाहीत. २०२४ मध्ये हे झालं होतं, तेव्हा रहिवासी आणि पर्यावरणप्रेमींना त्यासाठी बराच पाठपुरावा करावा लागला. म्हणून गेल्या वर्षीचा फोटो बघून या वर्षीचा बेत करू नका.

बोटीचं बुकिंग मिळालंच नाही तर नेरूळ हाच पूर्ण बेत करा. त्यासाठी पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडा. उधाणामुळे खाडीतला सगळा चिखल बुडतो, थव्यांना खाडीत उभं राहायला जागा उरत नाही आणि भर दुपारी ते तलावांवर येऊन बसतात. बाराच्या सुमारास भरती असेल तर साडेदहाला पोचा. थवे खाडीकडून येताना बघायला मिळतील.

काठावर पाळायचं एवढंच:

- रस्ता किंवा बांध सोडून खाली उतरू नका. वरून वाळलेला दिसणारा चिखल आत मऊ असतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि ओढून काढताना दुसराही अडकतो. त्यातच भरती परत येते. कुणी अडकलंच तर त्याच्याकडे धावत जाऊ नका. काठावरूनच ओढणी, पट्टा, काठी जे असेल ते द्या आणि त्याला अंगाचा भार पसरून हळूहळू सरकायला सांगा.
- उभं राहून बोलत फिरण्यापेक्षा एका जागी बसा. दहा मिनिटांत पक्षी आपोआप जवळ सरकतात.
- मोकाट कुत्र्यांना खायला देऊ नका, ती मग तुमच्या मागोमाग काठापर्यंत येतात.
- आडबाजूच्या पायवाटांवर दोघंच खारफुटीत शिरू नका. सूर्यास्ताआधी मुख्य रस्त्यावर या. संध्याकाळी तिथे दिवे नसतात आणि डास फार असतात.

दुपारनंतर काठावरून बघताना ऊन समोरून येतं. रंग हवे असतील तर सकाळ, सावल्यांचे आकार हवे असतील तर संध्याकाळ.

जेवण शेवटी. ऐरोली, नेरूळ, करावे, दारावे ही मुळात आगरी-कोळ्यांची गावं आहेत. साखळी हॉटेल सोडून एखादी आगरी खानावळ शोधा. जिताडा मिळाला तर घ्या, चिंबोऱ्या असतील तर वेळ काढून बसा. शाकाहारी असाल तर आत शिरण्याआधीच विचारून घ्या, अशा ठिकाणी निवड कमी असते.

## ९. फेरी रद्द झाली, किंवा जखमी पक्षी दिसला

जोराचा वारा असेल किंवा पाणी कमी पडलं तर फेरी रद्द होते. तिथे वाद घालू नका. जेटीवरच्या माणसांचं पाण्याबद्दलचं मत शेवटचं माना. लगेच पाण्याचा कागद बाहेर काढा. भरती अजून व्हायची असेल तर थेट नेरूळ. होऊन गेली असेल तर केंद्र बघा, आणि पुढच्या पंधरवड्यातल्या त्याच तिथीचं बुकिंग तिथेच करून टाका. पंधरा दिवसांनी पाण्याच्या वेळा जवळपास त्याच येतात, म्हणजे हिशेब नव्याने करायला नको.

सीवूड्स-नेरूळच्या बाजूला कधी रस्त्यावर किंवा काठावर पडलेला फ्लेमिंगो सापडतो. त्याला उचलून रिक्षात घालू नका, तोंडात पाणी ओतू नका, खायला देऊ नका. लांब पाय आणि मान पकडताना सहज मोडतात. एकाने थोडं दूर उभं राहून कुत्रे आणि गर्दी मागे ठेवावी, दुसऱ्याने वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करून नेमकी जागा सांगावी: जवळची इमारत, सेक्टर, रस्त्याची बाजू. मदत येईपर्यंत दोघांनी तिथेच थांबावं. फोटो काढायचाच असेल तर एकच, जागा ओळखू येईल असा, आणि तो आलेल्या वनरक्षकांना द्यावा.